नागमोडीचा मालक

डेटाबेसने एखाद्या माणसाला काढून टाकायला नकार दिलेला मी आजवर एकदाच पाहिला. तो माणूस म्हणजे आमचे खैरनार सर. फेब्रुवारीतली सकाळ होती. त्यांचं लॉगिन कायमचं काढून टाकायची आज्ञा मी टाइप केली, एंटर दाबलं आणि पडद्यावर उत्तर आलं, की हे लॉगिन काढता येणार नाही, याच्या मालकीच्या काही वस्तू आहेत. खाली यादी होती. सात चिन्हं, ती चालवणारा आतला कोड आणि हे सगळं ठेवलेला एक कप्पा. सगळं खैरनारांच्या नावावर.

सर माझ्या खुर्चीमागेच उभे होते. खुदकन हसले. "बघ वैशाली," म्हणाले, "पाटणकरांनी मला काढलं, पुण्याच्या साहेबांनी काढलं. हा एकटाच नाही म्हणतोय."

मला काही हसू आलं नाही. संध्याकाळपर्यंत काम संपवून पुण्याला कळवायचं होतं आणि ज्याला काढायचं तोच माणूस मागे उभा राहून किल्ल्यांचा जुडगा वाजवत होता. त्या आवाजाने माझं डोकं उठायचं. बारा वर्षं उठत होतं.

नाशिकमध्ये कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस. पिंपळगाव, दिंडोरी, निफाड भागातल्या द्राक्षांच्या पॅकहाउसना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. कोणत्या बागेतून किती क्रेट आले, जात कोणती, मणी केवढा, गोडी किती, कोणत्या पॅलेटवर, म्हणजे क्रेट रचायच्या लाकडी फळीवर, चढले, कोणत्या कंटेनरमधून गेले, हे सगळं त्यात असतं. सर तिथे डेटाबेस सांभाळायचे. मनमाडचा माणूस. वडील रेल्वेच्या यार्डात सांधेवाले, म्हणजे गाडी कोणत्या रुळावर जायची तो सांधा हाताने बदलणारे. घरी अहिराणी, शाळेत मराठी, प्लॅटफॉर्मवर हिंदी, अशा तिन्ही भाषा सरांच्या तोंडात सुखाने नांदायच्या. फोन उचलला की हॅलो नाही, थेट अहिराणीत "काय शे?", काय आहे म्हणून. समोर पुण्याचा कोणी असला तर तो गडबडायचा. सरांना त्याचं सोयरसुतक नसे.

स्वस्थ बसणं हा प्रकार त्यांच्या अंगातच नव्हता. टेबलाला खुर्ची होती, पण तिच्यावर स्वेटर, जेवणाचा डबा आणि जुन्या क्रेट-चिठ्ठ्यांचे गठ्ठे बसायचे. सर उभ्याने टाइप करायचे. चार ओळी लिहिल्या की निघाले. दारापासून पाण्याच्या माठापर्यंत आणि परत. चपला फटक फटक वाजायच्या. आम्ही मान वर न करता फेऱ्या मोजायचो. तीन फेऱ्या म्हणजे साधा प्रश्न. सहा म्हणजे डबा आज उशिरा उघडणार. दहाच्या वर गेल्या की आमचे मालक पाटणकर केबिनमधून बाहेर यायचे आणि विचारायचे, "काय झालं खैरनार?"

"काही झालेलं नाही साहेब. तेच बघतोय."

हे ते गंमत म्हणून सांगत नसत. सगळं सुरळीत चाललं की त्यांचा जीव थाऱ्यावर नसायचा. "बोंबलणाऱ्या चुकीला मी भीत नाही," म्हणायचे. "ती चांगल्या घरची. दारात उभी राहून सांगते, मी आले म्हणून. गप बसणारी चूक वाईट." एकदा आठवडाभर एकाही पॅकहाउसची तक्रार आली नाही, तर गृहस्थ शनिवारी सकाळी स्कूटरवर पिंपळगावला जाऊन कोल्ड स्टोअरमध्ये दोन तास पॅलेट बघत उभा. स्वेटर त्यासाठीच असायचा. नाशिकला एप्रिलचं ऊन डोक्यावर घेऊन हा माणूस बाही कोपरापर्यंत ओढलेला स्वेटर घालून ऑफिसात यायचा आणि त्याच्या खिशातून दहा-पंधरा क्रेट-चिठ्ठ्या निघायच्या. कोऱ्या बाजूवर त्याने क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, लिहिलेली असायची. मी नवीन असताना तसली एक चिठ्ठी कचरा म्हणून फेकली. दुसऱ्या दिवशी सरांनी ती कचऱ्याच्या पिशवीतून काढली, टेबलावर ठेवून तळव्याने सरळ केली आणि मला काहीही बोलले नाहीत. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

आता ती चिन्हं काय, ते सांगायला हवं. बेरीज, वजाबाकी, बरोबर ही चिन्हं शाळेत आपण अशा भक्तिभावाने शिकतो की ती देवानेच करून पाठवली असावीत असं वाटतं. तसं नाही. डेटाबेसमध्ये आपल्याला हवं ते चिन्ह स्वतः बनवता येतं आणि दोन गोष्टींच्या मध्ये ते टाकलं की काय व्हावं हेही आपणच ठरवायचं. सरांचं मुख्य चिन्ह होतं बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही अंगांना एकेक वळवळती रेघ. डावीकडे एक लॉट, म्हणजे एका बागेतून एका वेळी आलेला माल, उजवीकडे दुसरा लॉट, मध्ये हे चिन्ह. प्रश्न एकच, या दोन बागांचा माल एका पॅलेटवर चालेल का? उत्तर हो किंवा नाही. पॅकहाउसमध्ये त्याचं नाव पडलं होतं नागमोडी. कोणी शंका काढली की पिंपळगावचे सुपरवायझर सोमनाथभाऊ लांबूनच म्हणायचे, "मला काय इचारता, नागमोडीला इचारा." ज्यांचा डेटाबेसशी काडीचा संबंध नाही अशा बायका क्रेट उचलता उचलता एकमेकींना सांगायच्या, "नागमोडी नाय म्हनती. ठेव खाली."

मी लागले तेव्हाची नागमोडी तीन गोष्टी बघायची : जात, मण्याची साईज आणि गोडी. माझ्या दुसऱ्या वर्षी तिने दगा दिला. फवारणीचं औषध द्राक्षात किती उरलंय याची तपासणी करून प्रयोगशाळा रिपोर्ट देते. पॅकहाउसमध्ये त्याला नुसतं रेसिड्यू म्हणतात. परदेशी जाणाऱ्या मालाला तो लागतोच. नागमोडी तो बघतच नव्हती. दोन बागांचा माल तिने एका पॅलेटवर बसवला, त्यातल्या एकात औषध जास्त निघालं आणि कंटेनर तिकडच्या बंदरात अडकला. पॅलेट एक, त्यामुळे नाकारलेल्यांच्या यादीत नावं दोन्ही बागांची. दुसरी बाग दिंडोरीकडच्या उगलेबाईंची होती. त्यांच्या मालात काहीही नव्हतं. पण पुढच्या हंगामात त्यांचा माल परदेशासाठी घ्यायला एकही पॅकहाउस तयार होईना.

पाटणकर म्हणाले, एक पत्र पाठवून देऊ. सर म्हणाले, "मी जाऊन येतो." आणि का कोण जाणे, मलाही स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेले.

उगलेबाई अंगणात गवार मोडत बसल्या होत्या. सर उभेच राहिले. "तुमच्या मालात काही नव्हतं," त्यांनी सुरुवात केली. "दोन लॉट जुळतात का ते बघणारं एक चिन्ह मी लिहिलं होतं. ते अर्धवट लिहिलं."

चिन्ह वगैरे त्या बाईंना काय कळणार. त्यांनी गवार बाजूला ठेवली. "म्हंजी चूक कोनाची?"

"माझी."

"नाव काय तुमचं?"

"भास्कर खैरनार."

त्यांनी ते नाव एकदा स्वतःशी म्हटलं. मग म्हणाल्या, "बरं झालं सांगितलं. पॅकहाउसवाले म्हनले कंपनीची चूक हाय. आता कंपनीला कुठं गाठू मी? तिला काय तोंड हाय का?"

चहा झाला. उगलेबाई रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत, सरांना माफही केलं नाही. परत येताना एका उसाच्या गुऱ्हाळापाशी सरांनी स्कूटर थांबवली. मला वाटलं रस घ्यायचाय. तर हे रस्त्याच्या कडेने फेऱ्या मारत बसले आणि मी उन्हात स्कूटर धरून उभी. मला भयंकर राग आला होता, त्यांचाही आणि त्या बाईंचाही. मला तेव्हा कळत नव्हतं की तो राग लाजेचा होता.

पुढच्या आठवड्यात नवी नागमोडी आली. आता ती रेसिड्यूचा रिपोर्ट बघायची, तोडणीची तारीख बघायची, आणि रिपोर्ट आलेला नसेल तर सरळ नाही म्हणायची. जुनीचं काय झालं हे मी विचारलं नाही. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. डेटाबेसमध्ये प्रत्येक वस्तूला मालक असतो. आमच्याकडे सगळं कंपनीच्या सामायिक लॉगिनच्या नावावर ठेवायची पद्धत होती. ही नवी नागमोडी आणि नंतर तिच्यासोबत आलेली सहा चिन्हं सरांनी स्वतःच्या नावावर ठेवली होती, स्वतःच्या नावाच्या कप्प्यात. इंग्रजीत त्याला स्कीमा म्हणतात. कपाटातला खण समजा.

"सर, हे नियमात बसत नाही," मी म्हटलं.

"नाही बसत."

"मग सामायिक नावावर करू का?"

"सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही," ते म्हणाले. "नाव असलं की माणसाला धरता येतं." आणि माठाकडे चालू लागले.

दहा वर्षं तसंच चाललं. मग या हिवाळ्यात पुण्याच्या एका कंपनीने आम्हाला विकत घेतलं. त्यांच्याकडून नियमांची यादी आली. कोणाच्याही वैयक्तिक नावावर डेटाबेसमध्ये एकही वस्तू नको, सगळ्याचा मालक सामायिक लॉगिन. सगळं एका सामायिक कप्प्यात. आणि अठ्ठावन्न पूर्ण झालेल्यांना फेब्रुवारीअखेर निरोप. सर अठ्ठावन्नचेच होते. त्यांनी एकच गोष्ट मागितली : मार्चअखेरपर्यंत राहू द्या, द्राक्षांचा हंगाम भरात आहे, एवढा निघून जाऊ दे. उत्तर आलं, की व्यक्तीवर अवलंबून राहू नये यासाठीच तर हे नियम आहेत.

सरांनी वाद घातला नाही. फेऱ्या तेवढ्या वाढल्या. आता आम्ही मोजणंही सोडून दिलं.

मालकी आणि कप्पा बदलण्याचं काम माझ्याकडे आलं. मी रोज विचारायची, "सर, आज करू या?" आणि रोज नवं काहीतरी निघायचं. आज मंगळवार. आज सोमनाथकडे दोन कंटेनर भरतायत, आज हात लावू नको. आज आधी चहा घेऊ. चहा घेताना ते वडिलांची गोष्ट सांगायचे. एकच गोष्ट, तीनदा ऐकली मी.

"मनमाडला आमचे वडील सांगायचे, गाडीला सांधा कळत नाही. सांधा चुकला म्हणून गाडी कुरकुरत नाही का थांबत नाही. दौंडला जायची ती तितक्याच जोरात, तितक्याच शिट्ट्या मारत भुसावळकडे जाते. पुढच्या ठेसनाची पाटी वाचली की ड्रायव्हर म्हणतो, अरे, हे कुठे आलो."

तिसऱ्या वेळी मी तोंड टाकलं. "सर, गोष्ट नको. मला यादी द्या. काय काय बदलायचं ते एका कागदावर लिहून द्या."

त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली, पेन काढलं, चिठ्ठीकडे पाहिलं आणि दोन्ही परत खिशात ठेवलं. "देतो," म्हणाले. यादी काही आली नाही.

म्हणून ती सकाळ उजाडली. अॅडमिनचा पासवर्ड माझ्याकडे होता, मालकी मी परस्पर बदलू शकले असते. पण ते मला बरं वाटेना. मी म्हटलं, "तुमची चिन्हं आहेत, तुम्हीच द्या." सरांनी खुर्चीवरचा स्वेटर उचलला, डबा उचलला, चिठ्ठ्यांचे गठ्ठे जमिनीवर मांडले आणि चक्क खुर्चीवर बसले. सगळं ऑफिस बघायला लागलं. दोन बोटांनी त्यांनी सात ओळी टाइप केल्या, एकेका चिन्हाला एकेक. प्रत्येक ओळीनंतर पडदा म्हणायचा, झालं. सातव्या ओळीनंतर ते बराच वेळ तसेच बसून राहिले आणि मला पहिल्यांदाच ते म्हातारे वाटले.

"कप्पा मी बदलणार नाही," उठता उठता म्हणाले. "तो तू बदल. पण सांधा बघून बदल, बाई."

पुन्हा रेल्वे, माझ्या मनात आलं. "हो सर," मी म्हटलं.

मी एक नवा सामायिक कप्पा केला, चिन्हं आणि ती चालवणारा कोड त्यात हलवला, कोडची मालकीही बदलली. पॅकहाउसची कामं जी सरांच्या लॉगिनवर चालायची ती सामायिक लॉगिनवर घेतली. एकही एरर आली नाही. मग त्यांचा रिकामा कप्पा काढला, लॉगिन काढलं. या वेळी डेटाबेसने हूं की चूं केलं नाही. दुपारी समोसे मागवले होते. पाटणकर चार शब्द बोलले. सरांनी समोसा उभ्यानेच खाल्ला, स्वेटर हातावर टाकला आणि गेले. मला सुटल्यासारखं झालं. आज ते कबूल करायला लाज वाटते, पण झालं खरं.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला त्यांचा फोन.

"वैशाली, सोमनाथचा फोन होता मला."

"तुम्हाला का? काही बंद पडलं का?"

"काही बंद पडलेलं नाही. पॅलेट लय पटापट भरतायत म्हणतो. बायकांना 'ठेव खाली' म्हणावं लागलं नाही सकाळपासून."

"मग चांगलंच आहे की, सर."

पलीकडे नुसता किल्ल्यांचा आवाज. मग म्हणाले, "तू ये. मी निघालोय." फोन बंद.

पिंपळगावच्या वाटेवर आडगाव नाक्यापर्यंत मला काहीच वाटलं नाही. ओझर गेलं आणि एकदम लक्षात आलं. नाही म्हणणारी नागमोडी सकाळपासून एकदाही नाही म्हणाली नव्हती, आणि तिला तीन दिवसांपूर्वी मी हात लावला होता.

पॅकहाउसच्या आवारात थंड कंटेनर लावलेला होता, त्याचं मशीन घरघरत होतं. दोनच्या आत निघायचं म्हणून ड्रायव्हर हॉर्न देत होता. कोल्ड स्टोअरच्या आत सर स्वेटर घालून एका पॅलेटपुढे उभे. एका हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा, दुसऱ्या हातात रेसिड्यू रिपोर्टांचे कागद. त्यांनी मला दोन चिठ्ठ्या दाखवल्या. एका बागेचा रिपोर्ट आलेला. दुसरीचा आलेलाच नाही. दोन्ही एकाच पॅलेटवर.

मी तिथेच क्रेटवर लॅपटॉप ठेवला. तेच दोन लॉट घेतले, मध्ये नागमोडी टाकली आणि विचारलं. उत्तर आलं, हो.

"कोणती नागमोडी बोलतेय ती?" सर म्हणाले.

मग उलगडलं. डेटाबेस एखादं चिन्ह शोधतो तेव्हा कप्पे ठरलेल्या क्रमाने उघडतो. आमच्याकडे क्रम असा होता : आधी ज्याचं लॉगिन त्याच्या नावाचा कप्पा, मग सगळ्यांसाठी उघडा असलेला सार्वजनिक कप्पा. दहा वर्षं पॅकहाउसची सगळी कामं खैरनारांच्या लॉगिनवर चालत होती, म्हणून पहिला कप्पा खैरनारांचा उघडायचा आणि त्यात नवी नागमोडी सापडायची. आता लॉगिन सामायिक झालं. त्या लॉगिनच्या नावाचा कप्पाच नव्हता; मी केलेल्या नव्या कप्प्याचं नाव वेगळं, म्हणून तो त्या क्रमात कुठेच नव्हता. डेटाबेस सरळ सार्वजनिक कप्प्यात गेला आणि तिथे जुनी नागमोडी पडलेली होती. तीच, रेसिड्यू न बघणारी, उगलेबाईंची बाग बुडवणारी. तिला विचारलं, तिने उत्तर दिलं. एरर येईल कशाला?

"जुनी काढून का नाही टाकली सर?" माझा आवाज चढला होता.

"लोकल मार्केटचे रिपोर्ट तिच्यावर चालतात. तिथे रेसिड्यू लागत नाही."

"मग नवीला दुसरं चिन्ह द्यायचं."

"शेकडो ठिकाणी हेच लिहिलेलं होतं. हंगाम तोंडावर. आणि चिन्हाचा मालक बदलता येतो, कप्पा बदलता येतो, चिन्ह बदलता येत नाही. म्हटलं, माझा कप्पा पुढे राहील, भागेल काम. लिहून ठेवायचं राहिलं." त्यांनी हातातले कागद क्रेटवर ठेवले. "राहिलं नाही. ठेवलं नाही. अशी पळवाट काढली हे लिहायची लाज वाटली. गोष्ट सांगत बसलो तुला."

मी त्यांच्यावर ओरडणार होते. पण मी गोष्ट ऐकली नव्हती, हेही खरंच होतं.

सर एवढंच म्हणाले, "आधी पॅलेट उतरवा." कंटेनरमध्ये चढलेला माल सोमनाथभाऊंनी परत खाली घेतला. ड्रायव्हर शिव्या देऊन थकला आणि झाडाखाली जाऊन झोपला. मी, सर आणि चार बायका एकेका क्रेटची चिठ्ठी वाचत होतो. मी लॉटचा नंबर वाचायचा, सरांनी रिपोर्ट शोधायचा, "आहे" किंवा "नाही" म्हणायचं, आणि नाही म्हटलं की क्रेट खाली. नंबरापुढे बागवाल्याचं नाव असायचं. सर नंबर घेऊन भागवत नव्हते. प्रत्येक वेळी ते नाव वाचायला लावायचे. अडीच तासांत दोन बागांचे क्रेट चार पॅलेटवरून वेगळे निघाले. आधीच्या दोन दिवसांचा माल अजून आवारातच होता, तोही तपासला. दिंडोरी-निफाडकडच्या पॅकहाउसनाही मी फोन करून माल थांबवायला लावला होता; कुठूनही बाहेर काही गेलं नव्हतं. कंटेनर दोनऐवजी पाचला निघाला.

मधेच पाटणकरांचा फोन आला. त्यांना एकच हवं होतं, पुण्याला काय कळवू. "कप्पा मी हलवला, कप्पे उघडायचा क्रम मी बघितला नाही, माझी चूक," मी सांगायला लागले. सरांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"साहेब, चूक माझी आहे. दोन नागमोडी आहेत हे मी दहा वर्षं कोणाला सांगितलं नाही. माझं नाव कळवा."

"तुम्ही आता कंपनीत नाही, खैरनार," पाटणकर म्हणाले. फोनमधून मला स्पष्ट ऐकू आलं.

"चूक मी असतानाची आहे," सर म्हणाले. "तिचा मालक बदलू नका." आणि फोन माझ्या हातात परत दिला.

मग मी दुरुस्ती केली. सामायिक लॉगिनला कप्प्यांचा क्रम नीट लिहून दिला, नवा कप्पा सर्वांत पुढे. तेवढ्यावर मन भरेना. जुनी नागमोडी सार्वजनिक कप्प्यातून उचलली आणि लोकल मार्केटचा वेगळा कप्पा करून त्यात ठेवली. लोकलचे रिपोर्ट पहिल्यापासून थेट तिलाच बांधलेले होते, त्यामुळे ते तिला तिथेही ओळखत होते. आता पुन्हा कधी कोणी क्रम चुकवला तर मधे दुसरी कोणी सापडणार नव्हती. असं चिन्हच नाही म्हणून सगळं काम जागच्या जागी अडणार होतं. हे मी सरांना सांगितलं. त्यांनी आवारात तीन फेऱ्या मारल्या, फक्त तीन, आणि येऊन म्हणाले, "जमलं. बोंबलेल आता." बारा वर्षांत त्यांनी मला इतकं चांगलं काही म्हटलं नव्हतं आणि मला रडू आलं. तिथे सगळ्यांसमोर, हातात रिकामा क्रेट धरून.

निघताना सोमनाथभाऊ आम्हाला सोडायला कोल्ड स्टोअरच्या दारापर्यंत आले. दाराशेजारी भिंतीवर काळ्या मार्करने मोठ्या आकड्यांत सरांचा मोबाइल नंबर लिहिलेला होता. वर नाव, खाली दोन रेघा. सोमनाथभाऊ आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत म्हणाले, "साहेब, आता परत असं काही वाटलं तर फोन कोनाला करायचा? पुण्याला?"

सरांनी सोमनाथभाऊंच्या खिशातला मार्कर काढून घेतला. स्वतःच्या नावावर आणि नंबरावर एक आडवी रेघ मारली, घाई न करता, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "नंबर सांग."

मी सांगितला. मला 'नाही' म्हणता आलं असतं. पगार पुण्याहून येणार होता, नियमांच्या यादीत असलं काही नव्हतं, आणि मला भीती वाटत होती. तरी सगळे आकडे सांगितले. त्यांनी ते भिंतीवर उतरवले, वर "वैशाली" लिहिलं आणि मार्करचं टोपण लावलं.

"बरोबर आहे का बघ. एक आकडा चुकला तर दुसऱ्याच कोणाच्या घरी जाईल."

"बरोबर आहे सर."

"घे, लावून बघ सोमनाथ," म्हणाले आणि फाटकातून बाहेर पडून महामार्गाकडे चालू लागले. स्कूटर त्यांनी रस्त्यापलीकडे लावली होती.

सोमनाथभाऊंनी भिंतीकडे बघत एकेक आकडा दाबला. माझ्या हातातला फोन वाजला, तसे सर चालता चालता थबकले आणि त्यांचा हात स्वेटरच्या खिशात गेला. फोन बाहेर काढून त्यांनी पडद्याकडे पाहिलं. त्यांचा नव्हता वाजत. त्यांनी तो परत ठेवून दिला आणि टेम्पोंमधून वाट काढत रस्ता ओलांडला.

"उचला ना मॅडम," सोमनाथभाऊ म्हणाले. "लागला का नाय ते कळंल." मी उचलला.